रांगा कशासाठी लागतात

नमस्कार श्रोतेहो. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या शहरांना आपापला आरोग्याधिकारी असे आणि दरवर्षी तो नगरपालिकेपुढे अहवाल ठेवी. कोण कशानं दगावलं, गोवराचे किती, डांग्या खोकल्याचे किती, असे रकानेच रकाने. कागद तसा रुक्षच.

त्यातला घटसर्पाचा रकाना बघा. १९४० साली इंग्लंड आणि वेल्समध्ये ४६,००० वर रुग्ण, सुमारे २,५०० मृत्यू, बहुतेक लहान मुलं. मग लसीकरणाची मोहीम निघाली आणि दहा-पंधरा वर्षांत तो रकाना जवळजवळ रिकामा झाला. क्षयालाही स्ट्रेप्टोमायसिन या औषधानं आवर घातला.

पोलिओची गोष्ट निराळी. १९५६ पासून लस होती, मुलांना आईबाप घेऊन येत, पण तरुण काही केल्या फिरकत नव्हते. आपल्याला काय होतंय! मार्च १९५९ मध्ये बर्मिंगहॅम सिटी या फुटबॉल संघाचा जेफ हॉल पोर्ट्समथला सामना खेळला. इंग्लंडकडून १७ सामने खेळलेला, धडधाकट बचावपटू. दोन आठवड्यांत, ४ एप्रिलला, तो पोलिओनं गेला. वय २९. त्याची पत्नी दूरचित्रवाणीवर बोलली आणि लसीकरण केंद्रांपुढे तरुणांच्या रांगा लागल्या. लस पुरेना.

रांगा लागल्या ते उत्तमच झालं. पण त्याच अहवालात फुप्फुसाच्या कर्करोगाचा आकडा वर्षागणिक चढत होता, आणि त्यानं पोलिओपेक्षा कितीतरी अधिक माणसं नेली. त्याची धास्ती कुणी घेतली? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी तर १९५० मध्येच सिगारेटकडे बोट दाखवलं होतं. पोलिओ दोन आठवड्यांत नेतो, सिगारेट वीस-तीस वर्षं घेते. इतक्या संथ मारेकऱ्याला माणूस भीत नाही, असं मला वाटतं. शिवाय इथे दंडावर सुई टोचून भागत नव्हतं, रोजची तलफ सोडावी लागणार होती. त्यात सरकारच्या तिजोरीला तंबाखूवरचा कर हवाच होता.

१९५४ मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध पत्रकारांपुढे मान्य केला, तोही एकामागून एक सिगारेटी ओढत! दूरचित्रवाणीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद व्हायला मग १९६५ उजाडलं.