उन्हाच्या आधी

(बेळगावातल्या टिळकवाडीतली खोली. टेबलावर नकाशे, पट्टी, लॅपटॉप. खिडकीबाहेर रिक्षांचा आवाज.)

हा नकाशा मनालीजवळच्या सोलांग खोऱ्याच्या वरच्या अंगाचा. पेन्सिलीनं काढलेली बारीक रेघ दिसते ना, ती दोन कड्यांच्या मधून सरळ खाली आलेली बर्फाची घळ. स्कीवाले तिला फ्रेंच नावानं ओळखतात, कुलुआर. चोर्ल्याच्या, आंबोलीच्या कड्यांत हिंडलेल्या माणसाला नवा शब्द लागत नाही. ही नाळ.

तळ ४,१०० मीटरवर, माथा ४,६०० वर. सरासरी उतार ४० अंश, वरच्या टप्प्यात ४५. तोंड पूर्वेला. एप्रिलमध्ये हीच नाळ स्कीवरून उतरायची, तर पहिला प्रश्न बर्फाचा नाही, घड्याळाचा आहे.

(पट्टी नकाशावर ठेवणारी बोटं. जवळून.)

१:५०,०००च्या नकाशावर ४० मीटरच्या दोन समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, ०.८ मिलिमीटरवर आल्या की उतार ४५ अंश. त्याच १.४ मिलिमीटरवर गेल्या की ३०. पट्टीवर अर्धा मिलिमीटर चुकला, तर बारा-तेरा अंशांचा घोळ होतो. लॅपटॉपवरचा रंगीत उतार-नकाशा आणखी फसवा. त्याचा एकेक चौकोन ३० मीटरचा आणि नाळ अरुंद जागी जेमतेम बारा मीटर. कडा आणि तळ यांची सरासरी निघते, नाळ गायबच होते. म्हणून खरा उतार समोरच्या धारेवरून, डोळ्यांनी आणि कोनमापकानं मोजायचा. थराचं हिमस्खलन, म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकदम घसरतो ते, बहुतेक ३० ते ४५ अंशांतच सुटतं. म्हणजे ही नाळ अख्खीच्या अख्खी त्यात आली.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, १० मीटरच्या बारकाव्यानं, साधारण पाच दिवसांनी एक. मागच्या काही वर्षांचे एप्रिल शेजारी शेजारी लावले की नाळेच्या पायथ्याशी मळकट पंखा दिसतो. तो वरून आलेल्या ओल्या बर्फाचा मलबा. कुठल्या आठवड्यात तो पसरतो, ते वहीत लिहायचं.

(वहीचं पान. उलटी मांडलेली वेळ.)

हे पान नीट बघा, सगळी मोहीम यात आहे. हिशेब शेवटाकडून सुरू होतो.

रात्री आभाळ निरभ्र असलं की बर्फ आपली ऊब आभाळात सोडून देतो आणि वरचा थर टणक गोठतो. ढग असले तर ही ऊब अडते. पारा शून्याखाली गेला तरी थर हवा तसा धरत नाही. सकाळी ऊन लागलं की वरचे दोन-पाच सेंटीमीटर सुटे होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. स्कीला हवा तो हाच बर्फ, आणि तो टिकतो तासभर, फार तर दीड तास. मग पाणी खाली मुरतं, थरांची पकड सुटते आणि वरच्या कड्यांत गोठून बसलेले दगडही मोकळे होतात.

पूर्वेच्या नाळेला ऊन लवकर लागतं. म्हणून उतरायला सुरुवात आठला. माथ्यावर क्रॅम्पन, म्हणजे बुटाखालचे धातूचे काटे, काढून स्की चढवायला अर्धा तास, म्हणजे माथा साडेसातला. नाळेचे ५०० मीटर, ताशी २०० च्या गतीनं, अडीच तास. तळ पाचला. तिथं स्की पाठीवर बांधून क्रॅम्पन चढवायला वीस मिनिटं. ३,७०० मीटरच्या तळछावणीतून तिथवर ४०० मीटर चढ, ताशी २५०, म्हणजे तीनला निघायला हवं. वर चुकांसाठी राखीव अर्धा तास. निघायचं अडीचला, उठायचं सव्वाएकला, कारण बर्फ वितळवून पाणी करण्यातच तास जातो. पानाच्या तळाशी लाल शाईनं दोन ओळी: आठ वाजता जिथं असाल तिथून मागे. तळाशी बूट घोट्याच्या वर रुतला, तर चढायचंच नाही.

(येळ्ळूरचं शिवार, मागं राजहंसगड. कापलेल्या भाताची शेतं, पिंजराच्या गंजी.)

बर्फ नाही, म्हणून सराव अडत नाही. ट्रान्सिव्हर म्हणजे अंगावर बांधायचं रेडिओयंत्र, बर्फात गाडलेला माणूस त्यावरून सापडतो. पिंजर भरलेल्या पोत्यात तो लपवायचा आणि तो शोधायला दुसऱ्याला धाडायचं. ही यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात. मोबाईल शोधयंत्रापासून निदान अर्धा मीटर लांब, नाहीतर बाण भरकटतो. जवळ आलं की यंत्र जमिनीलगत धरून फुलीच्या आकारात फिरवायचं, सगळ्यात लहान आकडा येईल तिथून काठी टोचायची, मग पंचवीस सेंटीमीटरच्या अंतरानं गोल गोल. फावडं ॲल्युमिनियमचंच. थिजलेल्या मलब्यावर प्लॅस्टिक मोडतं. खणायचं उताराच्या खालच्या बाजूनं, थेट डोक्यावरून नाही. गाडल्यावर पहिली दहा मिनिटं काय ती हातात असतात.

या मोहिमेतल्या चौघांनी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेतले स्कीचे वर्ग केलेत आणि त्यानंतर काही हिवाळे सोप्या उतारांवर घालवलेत. वर्ग आटोपून थेट नाळेत उतरू नये.

(स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, गोंदाची बाजू वर.)

चढताना स्की मागं घसरू नये म्हणून या पट्ट्या. बेळगावात मार्चच्या उकाड्यात त्या कौलारू घराच्या माळ्यावर ठेवल्या, की गोंद पाघळतो आणि वर गेल्यावर नेमकी पट्टी सुटते. घरातला थंड कोपरा शोधायचा. दुसरी गोष्ट, बूट स्कीवर धरणारा पुढचा खटका. त्याखाली बर्फ साठला की स्प्रिंग पूर्ण मिटत नाही. बंद झाल्यासारखा दिसतो, आणि पहिल्याच वळणावर बूट निसटतो. उपाय खिशातली आईस्क्रीमची काडी.

(बेळगाव स्टेशन. गोवा एक्सप्रेस.)

१७० सेंटीमीटरच्या स्की तिरक्या करून खालच्या बर्थखाली बसतात. गॅसचे डबे रेल्वेत चालत नाहीत, ते मनालीत घ्यायचे. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन भारतात बाळगता येत नाही, त्यामुळे गावात एक माणूस ठरलेला हवा आणि त्याच्याकडे परतीची वेळ लिहून दिलेली. बेळगाव ७५० मीटरवर, त्यामुळे शरीरापाशी उंचीची काही शिल्लक नसते. ३,००० च्या वर मुक्काम रोज ५०० मीटरहून जास्त चढवायचा नाही, मध्ये एक दिवस बसून काढायचा. हिमस्खलनाचा सरकारी इशारा रोज वाचायचा, पण तो मोठ्या पट्ट्यासाठी असतो. तुमच्या नाळेचं त्याला काही माहीत नसतं.

(अंधार. डोक्यावरच्या दिव्यांची रांग. मग दिवे थांबतात.)

पहिल्या रात्री ढग आले. पाचला नाळेच्या तळाशी बूट नडगीपर्यंत गेला. कोणी वाद घातला नाही. वहीत तो निकाल टिळकवाडीतच लिहून झाला होता.

(दुसरी पहाट. तारे. क्रॅम्पनचा करकर आवाज.)

आज बर्फ वाजतोय. चढताना नाळेच्या मध्यातून नाही, एका कडेनं. मधली खोबण म्हणजे वरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची वाट. माथ्यावर वाऱ्यानं घडवलेली छज्जी बाहेर झुकलेली असते. ती दिसते त्यापेक्षा बरीच मागून तुटते, म्हणून बसायचं ते खडकापाशी.

(आठ वाजून पाच मिनिटं. पहिली स्की कडेवरून खाली.)

एका वेळी एकच. आधी आडवी घसरत बर्फ तपासणी, मग उडी मारून वळण. पुढचा थांबा कड्याच्या आडोशाला, तिथून हात वर झाल्यावरच दुसरा निघतो. पावणेनऊला चौघं पंख्याच्या बाहेर. साडेदहाला डाव्या कड्यावरून दगड आले.

(पुन्हा टिळकवाडी. जून. पागोळ्या.)

बेळगावच्या पावसात स्कीच्या पोलादी कडांना आठवड्यात गंज धरतो. म्हणून परतल्यावर कडा पुसून त्यावरही मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो न खरवडता तसाच ठेवायचा. ट्रान्सिव्हरमधले सेल काढून ठेवायचे, पट्ट्या सावलीत वाळवून जाळीवर गुंडाळायच्या.