चार मायक्रॉनचा काप

[मायक्रोटोमचं, म्हणजे काप काढणाऱ्या यंत्राचं चाक, अगदी जवळून]

चाक फिरतं. मेणाचा ब्लॉक खाली येतो, पात्याला घासून जातो आणि पात्यावर एक काप अलगद उतरतो. मग दुसरा, मग तिसरा. कडेला कड चिकटत जाते आणि मेणाची लांब फीत तयार होते. टेक्निशियनने श्वास रोखून धरलाय. साधी फुंकर लागली तरी फीत उडते, आणि एकदा गुंडाळली गेली की ती सोडवता येत नाही.

एका कापाची जाडी ४ मायक्रॉन. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप मावतील. या मेणात सुईने काढलेला ऊतीचा तुकडा आहे, दोऱ्यासारखा बारीक. एवढ्याशा तुकड्यात आजाराची खूण शोधायची आहे. तुकडा संपला तर सुई पुन्हा टोचावी लागेल. म्हणून इथे कुणी घाई करत नाही.

[फीत कोमट पाण्यावर]

ब्रशच्या टोकाने फीत उचलायची आणि पाण्यावर सोडायची. पाणी साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस. जास्त तापलं तर मेण सैल होऊन ऊती पसरते. गार राहिलं तर सुरकुत्या सुटत नाहीत. आता पाहा, सुरकुती आपोआप उलगडतेय. काच तिरकी धरून पाण्यात बुडवली, आणि काप तिच्यावर चढून बसला.

[रंगीत टोप्यांच्या ट्यूबा, रॅकमध्ये]

आजाराच्या या खुणांना डॉक्टर बायोमार्कर म्हणतात. रक्तात किंवा ऊतीत सापडणारा, मोजता येणारा एखादा पदार्थ, जो आत काय चाललंय ते बाहेर सांगतो. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं प्रथिन असतं. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं आणि काही तासांतच तपासणीत दिसू लागतं. साखरेचं वेगळं. ती तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे आज घेतलेलं रक्त मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतं. एचबीए१सी म्हणतात ते हेच. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेहाचं निदान होतं.

[परीक्षानळी, खाली ज्योत]

या नळीत जे घडतंय, ते पहिल्यांदा लंडनमध्ये नोंदलं गेलं. १८४५ सालचा नोव्हेंबर. एका रुग्णाची हाडं असह्य दुखत होती. त्याच्या डॉक्टरांनी लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे पाठवला. सोबत चिठ्ठी होती. नमुना तापवल्यावर काय होतं आणि आम्ल घातल्यावर काय होतं, ते सगळं लिहून शेवटी विचारलं होतं, हे आहे तरी काय?

नळीकडे बघत राहा. कोमट होताच द्रव गढूळ होतो, पांढरे कण धरतात. एरवी प्रथिन तापून साकळलं की साकळलंच. पण हे प्रथिन उकळीच्या जवळ जाताना पुन्हा विरघळतं. नळी परत स्वच्छ! आणि निवताना… पुन्हा गढूळ.

बेन्स जोन्सने हे प्रथिन चिकाटीने तपासलं, १८४७-४८ मध्ये त्यावर लिहिलं, आणि हाडं ठिसूळ करणाऱ्या या रोगात ते पुन्हा शोधा, असं इतर डॉक्टरांना सांगितलं. रुग्ण १८४६ च्या पहिल्याच दिवशी गेला होता. आज आपण त्या रोगाला मल्टिपल मायलोमा म्हणतो. कर्करोगाची रासायनिक पद्धतीने सापडलेली ही पहिली खूण. ते प्रथिन नेमकं काय, हे कळायला १९६२ साल उजाडावं लागलं. हाडांच्या मज्जेतल्या बिघडलेल्या पेशी अँटिबॉडीचे अर्धवट तुकडे बनवत राहतात, ते रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडातून गळून लघवीत येतात. चिठ्ठीतल्या प्रश्नाला उत्तर मिळायला ११७ वर्षं लागली. मला या सगळ्या गोष्टीत ती चिठ्ठी सर्वात मोलाची वाटते. नमुना पाठवणाऱ्याने तो आधी स्वतः नीट पाहिला होता.

[दंडावर पट्टा, सुई, ट्यूबमध्ये चढणारं रक्त]

आता रक्त. पट्टा दंडावर मिनिटाभराहून जास्त ठेवायचा नाही, शीर सापडली की सोडायचा. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, ते रक्त गोठू देत नाही. पिवळ्या टोपीत रक्त गोठू द्यायचं आणि वर सुटणारा द्रव, म्हणजे सीरम, घ्यायचं. करड्या टोपीत फ्लोराइड. ते का, तर ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. नुसतं ठेवलेलं रक्त तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर गमावतं.

हात पाहा. ट्यूब उलटी, सुलटी, उलटी, सुलटी. आठ-दहा वेळा, हळुवार. जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात.

[सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूबा गरगर फिरवणारं यंत्र, उघडतं. दोन ट्यूबा शेजारी शेजारी]

डावीकडचं सीरम फिकट पिवळं, आरपार दिसणारं. उजवीकडचं गुलाबी. सॅम्पल हिमोलाइज झालंय, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यात. पेशींच्या पोटातलं पोटॅशियम सीरममध्ये सांडलंय. मशीन ते इमानदारीने मोजेल आणि आकडा वाढलेला दाखवेल. रुग्णाच्या शरीरात तसं काही झालेलंच नाही, जे झालं ते या ट्यूबमध्ये. दुसरीही एक चूक होते. पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळ्यातलं थोडं ओततं. ईडीटीए पोटॅशियमचा क्षार असल्याने पोटॅशियम आकाशाला भिडतं आणि कॅल्शियम तळाला जातं. अनुभवी टेक्निशियन ते दोन आकडे एकत्र पाहूनच ओळखतात. फोन उचलतात, आणि म्हणतात, पुन्हा सॅम्पल पाठवा.

[फॉर्मॅलिनची बरणी, झाकणावर वेळ लिहिणारा हात]

ऊतीचं घड्याळ तर आणखी कडक. शरीरातून निघाल्या क्षणापासून ती कुजू लागते. स्तनाच्या गाठीचा तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे कुजणं थांबवणाऱ्या द्रावणात जायला हवा, आणि तिथे किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. झाकणावर लिहिली जातेय ती वेळ त्यासाठीच. ही दोन ओळींची नोंद मला अहवालाइतकीच महत्त्वाची वाटते.

[काच सूक्ष्मदर्शकाखाली, तपकिरी कडा]

मेण उतरवलं, काच तापवून ऊतीतली झाकली गेलेली प्रथिनं उघडी केली, आणि मग अँटिबॉडी सोडली. ती एकच प्रथिन ओळखते, हर-२. स्तनाच्या काही कर्करोगांत ते पेशींच्या कडेवर फार वाढलेलं असतं. जिथे ते सापडेल तिथे तपकिरी रंग. पेशींच्या कडा बघा, जणू कुणी तपकिरी जाळी विणलीय. रंग ठळक आणि कडेने पूर्ण असेल तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. कडेने पूर्ण पण फिका किंवा मध्यम असेल तर २+, म्हणजे नक्की सांगता येत नाही, आणि मग फिश नावाच्या तपासणीत जनुकाच्या प्रतीच मोजाव्या लागतात. त्याच काचेवर, कोपऱ्यात, आणखी एक तुकडा आहे. त्यात हर-२ आहे हे आधीपासून माहीत आहे. तो रंगला नाही तर आजची काच बाद.

तुकडा तासन् तास तबकात सुकला तर खूण पुसट होते, अहवाल निगेटिव्ह येतो आणि लागू पडणारं औषध दिलंच जात नाही.

[स्क्रीनवर आकडे]

आणि एक गोष्ट, कारण अहवाल हाती पडला की आपण आधी ठळक अक्षरातला आकडा शोधतो. पीएसए प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन आहे. कर्करोगात वाढतं, तसं नुसत्या सुजेने आणि वयाने ग्रंथी मोठी झाल्यानेही वाढतं. ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा शंभर धडधाकट माणसांपैकी ९५ जण बसतील अशी आखलेली असते. उरलेले पाच जणही धडधाकटच असतात.

[ब्लॉकचं कपाट. खणामागून खण]

अहवालावर पॅथॉलॉजिस्टची सही असते. फीत उचलणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

ब्लॉक मात्र इथे राहतात, नंबर घालून, वर्षानुवर्षं. हर-२ वरचं पहिलं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, १९९८ मध्ये मान्य झालं. त्याआधी मेणात बसवलेल्या तुकड्यांनाही मग हर-२ विचारता आलं, कारण कुणीतरी ते वेळेत फॉर्मॅलिनमध्ये टाकले होते.

एक खण उघडतो. नंबर जुळवला जातो, दोनदा. ब्लॉक बर्फावर ठेवला जातो, मेण घट्ट होईपर्यंत. नवं पातं बसतं.

[चाक फिरू लागतं]