जटायूच्या आत एक डोकं

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. कुकरवर टेकवलेलं पक्ष्याचं राखाडी डोकं. एक डोळा पेटतो, दुसरा नाही.]

उजवा लागला. डावा रुसलाय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, गणपती बसायला नऊ दिवस उरलेत, आणि सकाळच्या डब्यासाठी बायकोला हा ओटा रिकामा हवाय.

हा जटायू. नाशिककरांना त्याची ओळख करून द्यायला नको. सीतागुंफा आणि काळाराम पंचवटीत, आणि रावणाशी झुंजून तो जिथे कोसळला असं मानतात ते टाकेद आपल्याच इगतपुरी तालुक्यात. यंदा मंडळाच्या सजीव देखाव्याला जटायू ठरला. डोकं कोण करणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पॅनलची वायरिंग करतो. वायरी जोडणाऱ्याला सगळंच जमतं असा लोकांचा समज असतो. माझाही होता.

फरक एवढाच की पॅनलच्या आत माणूस बसत नाही. इथे माझा भाचा बसणार आहे. वय 19, चष्मा आहे, घाम भरपूर.

[दृश्य: भाच्याच्या डोक्याला गुंडाळलेली मास्किंग टेप, चेहरा उघडा. टेपवर पेनाच्या रेघा.]

डोक्याचं माप असं घेतलं. केसांवर पिशवी, वरून टेप, टेपवर रेघा मारायच्या आणि रेघांवरून कापून काढायचं. ते तुकडे फोमवर ठेवून आखले. फोम ईव्हीएचा, 10 मिलिमीटर जाड, जिममध्ये खाली अंथरतात तसला. हीट गनने गरम केला की वाकतो आणि थंड झाला की तसाच राहतो. चिकटवायला चपलावाले वापरतात ते एसआर. दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. एकदा बसलं की पुन्हा सरकवायचं नाव नको. हे सगळं गच्चीवर केलं. त्या वासात घरात कोणी बसू शकत नाही.

आता तो डावा डोळा.

प्रत्येक डोळ्यात 12 एलईडींची एक गोल पट्टी आहे. यातल्या प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची चिप असते. कंट्रोलरकडून, म्हणजे आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाकडून, एकाच वायरीवरून सगळ्यांचे रंग निघतात. पहिला आपला रंग ठेवून घेतो आणि उरलेलं पुढे ढकलतो, लग्नाच्या पंगतीत पत्रावळ्या पुढे सरकवतात तसं. ही रांग एकाच दिशेने चालते. मी उजव्याची बाहेर पडणारी वायर डाव्याच्या आत येणाऱ्या टोकाला लावायच्याऐवजी बाहेर पडणाऱ्या टोकालाच डकवली होती. पट्टीवर बाण छापलेला असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. वीस वर्षं वायरिंग करून मी तो पाहिला नाही.

[दृश्य: जवळून. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण, त्यावर पेन्सिलने काढलेलं वर्तुळ, कात्री.]

पेटला. पण 12 ठिपके म्हणजे डोळा नव्हे, तो लग्नाचा मांडव झाला. ॲक्रेलिक शोधत एम. जी. रोड पालथा घालून आलो आणि उत्तर फ्रिजमध्ये सापडलं. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. ना पूर्ण पारदर्शक, ना पूर्ण बंद. आतून पॉलिश पेपर फिरवला की ठिपके एकमेकांत विरघळतात आणि बुबुळ तयार होतं. दोन डोळ्यांना दोन झाकणं लागली. श्रीखंड कोणी संपवलं, याची चौकशी अजून चालू आहे.

भाच्याला मात्र या डोळ्यांतून काही दिसत नाही. तो चोचीखालच्या फटीतून बघतो. तिथे काळी जाळी लावली आहे. पहिल्या चाचणीत तो थेट कपाटावर जाऊन आदळला. डोळ्यांच्या मागच्या बाजूने उजेड गळत होता आणि जाळी आतून उजळत होती. रात्री घरात दिवा लावला की खिडकीच्या काचेत बाहेरचा रस्ता न दिसता आपणच दिसतो, तसला प्रकार. प्रत्येक डोळ्याच्या पाठीमागे काळा फोम डकवला, फटींवर काळी टेप मारली. बाहेर कितीही झगमगाट असो, आत अंधार हवा.

[दृश्य: खालची चोच थरथरतेय.]

चोचीला छोटी सर्वो मोटर आहे, 9 ग्रॅमची. मोटर आणि चोच यांच्यामध्ये सायकलचा स्पोक, दोन्ही टोकांना वाकवलेला. पहिली मोटर दुसऱ्याच दिवशी गेली. भाच्याने डोकं काढून चोचीवरच टेकवलं, आतले प्लास्टिकचे दात झिजले. दुसरी आणली ती धातूच्या गिअरची.

ती चालली, पण जटायूला हुडहुडी भरल्यासारखी चोच कापायला लागली. मला वाटलं लूज कनेक्शन. सगळे जोड पुन्हा सोल्डर केले, कापणं तसंच. तीन रात्री गेल्या तेव्हा कारण कळलं. सर्वोला दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स जाते, साधारण 1 ते 2 मिलिसेकंद रुंद, आणि त्या रुंदीवरून मोटर आपला कोन ठरवते. एलईडीला रंग पाठवताना मात्र नॅनो बाकी सगळ्यांकडे पाठ फिरवतो. एका एलईडीला 30 मायक्रोसेकंद. 24 चे झाले 720. नेमकं त्याच वेळात सर्वोची पल्स संपायची असेल तर ती लांबते आणि चोच दचकते. डोळे मिचकावले की जबडा हलायचा तो यामुळे. मग दोघांना पाळ्या लावून दिल्या. चोच हलतेय तोवर डोळे स्थिर. डोळे बदलतायत तोवर सर्वोची पल्स बंद, आणि चोच रबरबँडच्या जोरावर मिटलेली.

मोटर सुरू होताना सगळंच एकदा विझून पुन्हा लागायचं, ते दुखणं त्यामानाने किरकोळ. मोटर एकदम करंट ओढते आणि व्होल्टेज खाली येतं. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ऐनवेळी देणारा भाग, तिच्या सप्लायवर टाकला, प्रश्न मिटला.

[दृश्य: गोदाघाट, सकाळ. आकाशात घारी. मग पथकाचा सराव.]

आवाजावर मी सगळ्यात जास्त जीव लावला. एका सुट्टीच्या सकाळी घाटावर उभा राहून मोबाईलवर घारीची शीळ रेकॉर्ड केली, ती खालच्या पट्टीत आणली, मेमरी कार्डवर टाकली. नखाएवढा एमपी3 प्लेअर, 3 वॅटचा स्पीकर. घरात लावला तेव्हा शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, काय झालं हो?

आणि मग आम्ही पथकाच्या सरावाला गेलो. नाशिक ढोल म्हणजे काय, हे मी नाशिककरांना काय सांगणार. चाळीस ढोल एकदम पडल्यावर 3 वॅटचा जटायू चोच उघडून नुसताच आ वासून उभा. स्पीकरला कान लावला तरी काही नाही. आठ दिवसांचं काम होतं ते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाच्याने डोकं काढलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मामा, त्याला बोलता येत नसेल तर ऐकू तरी येऊ द्या ना."

स्पीकर काढला. त्या जागी माईक आला.

[दृश्य: छोटा माईक. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने फिरवला जाणारा स्क्रू.]

कल्पना सोपी, ढोल पडला की डोळे भडकायचे. नॅनो 50 मिलिसेकंद ऐकतो, त्यात आवाजाची लाट किती वर-खाली झाली ते मोजतो. मोजपट्टी 0 ते 1023. मिरवणुकीच्या आवाजात आकडा कायम टोकाला चिकटलेला, त्यामुळे डोळे सतत लाल. सतत लाल म्हणजे ऐकणं नव्हे. माईकच्या पाठीवरचा स्क्रू फिरवून गेन, म्हणजे तो आवाज किती वाढवून घेतो ते, अगदी कमी केला. आणि ठरावीक आकड्याशी तुलना करणंच सोडलं. आता तो मागच्या काही सेकंदांच्या सरासरीशी ताडून बघतो. आत्ताचा ठोका त्याहून बराच वर गेला तरच डोळा मोठा होतो.

माईक शेवटी आत, फोमच्या मागे बसवला, स्पंजच्या तुकड्यावर. थेट कवचाला चिकटवला होता तेव्हा तो आपल्याच चोचीच्या मोटरला दाद देत होता.

[दृश्य: कमरेची पिशवी, तीतून मानेकडे जाणारी केबल.]

पॉवर बँक डोक्यात ठेवायची नाही, मान मोडते. ती कमरेला. केबल मानेजवळ साध्या प्लगने जोडलेली. गर्दीत कोणी ओढलं तर वायर सुटली पाहिजे, मान नाही. कपाळावर 40 मिलिमीटरचा पंखा आहे, तो चष्म्यावरची वाफ घालवतो आणि सतत चालू असल्यामुळे पॉवर बँकही भार नाही म्हणून झोपी जात नाही. नॅनोवर पावसासाठी दुधाची रिकामी पिशवी चढवली आहे. भाद्रपदातल्या पावसाचा काय भरवसा.

[दृश्य: विसर्जन मिरवणूक. गर्दीत जटायूचं डोकं.]

वाकडी बारवेपासून मेनरोडपर्यंत यायला चार तास लागले. ढोल पडतो, डोळे भडकतात. ढोल थांबतो, डोळे हळूहळू विझत जातात. हा उतार मी मुद्दाम लांबवला आहे, दीड सेकंदाचा. वरच्या गॅलरीतून एक आजी त्याला हात जोडत होत्या. भाच्याला ते दिसलं नाही. त्याला फक्त चोचीखालचा रस्ता दिसतो.

रविवार कारंजाला एक ताशावाला आडवा आला.

"काका, याचं काय वैर आहे आमच्याशी? ढोलावर डोळे मिचकावतो. आम्ही मरेस्तोवर वाजवतोय, आमच्याकडे बघत पण नाही."

खरं होतं. फोमच्या आडून ढोलाचा खर्ज आरपार येतो, ताशाची धार तिथेच मरते. मी माईक फोमच्या आड ठेवला तो पावसासाठी. ताशा कापला जाईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

[दृश्य: पुन्हा ओटा. जटायूच्या कानामागे 3 मिलिमीटरचं भोक, त्यात दुसरा माईक.]

हा दुसरा माईक उघड्यावर आहे. याची वायर डोळ्यांकडे जात नाही, तुऱ्याकडे जाते. तुऱ्यात सहा एलईडी. बाण यावेळी बघून घेतलाय.

ताशा घेऊन तो पोरगा रविवारी घरी येणार आहे. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय.