मध्य कुठे आहे?

(दृश्य: दादर पश्चिम, पहाट. उड्डाणपुलाखालचा फुलबाजार.)

पहाटेचे पाच. टेम्पो रिकामे होतायत. झेंडूने भरलेली पाटी, पाटीखाली चुंबळ, चुंबळीखाली मामांचं डोकं. बाजारात त्यांना सगळे मामाच म्हणतात. मूळचे सातारकडचे, 24 वर्षं हमाली. "साईड, साईड" करत गर्दीतून निघालेत. पाय पळतायत, खांदे वळतायत, मान मात्र तसूभर हलत नाही. हा शॉट आम्ही तीनदा घेतला. तिन्ही वेळा मान तश्शीच.

ही मान दोन वर्षांपासून दुखतेय.

(दृश्य: परळ. फिजिओथेरपीची खोली.)

खुर्चीपासून भिंत 90 सेंटिमीटरवर. भिंतीला कागद, कागदावर वर्तुळं. मामांच्या कपाळाला पट्टा आणि पट्ट्यात खोचलेला लेसर टॉर्च, फेरीवाल्याकडे मिळतो तसला.

"मामा, डोळे मिटा. मान उजवीकडे न्या. आता परत मध्ये या. आलात की सांगा."

"आलो."

लाल ठिपका मध्य ओलांडून 11 सेंटिमीटर डावीकडे. मामांचे डोळे अजून मिटलेलेच.

"सरळच बसलोय की मी, मॅडम."

(इथे तीन सेकंद निवेदन नाही.)

मामा खोटं बोलत नाहीत. त्यांच्या मेंदूच्या हिशेबात ते सरळच आहेत.

(दृश्य: मानेच्या स्नायूंचं चित्र.)

कवटीच्या तळाशी, पहिल्या दोन मणक्यांजवळ, छोट्या स्नायूंच्या चार जोड्या असतात. डोकं पेलणं हे त्यांचं मुख्य काम नव्हे, त्यांचं काम खबर देण्याचं. स्नायू किती ताणला गेला हे मोजणारे बारीक तंतू, म्हणजे मसल स्पिंडल, शरीरात जिथे सर्वांत दाट आहेत अशा मोजक्या जागांपैकी ही एक. इथली खबर, डोळ्यांना दिसणारं आणि आतल्या कानाला कळणारं, हे तिन्ही जुळवून मेंदू ठरवतो की डोकं धडावर नेमकं कुठे आहे.

दुखणं मुरलं की आतले स्नायू ढिले पडतात, वरवरचे मोठे स्नायू नको तितके आवळतात आणि खबर गढूळ होते. डोळा एक सांगतो, मान दुसरंच. मग गरगरतं, तोल जातो. काही प्रयोगांत तर मान दुखणाऱ्यांना स्वतःच्या कोपराचा कोनही नीट सांगता आला नाही. दुखणं मानेत, गफलत हातात! सगळ्यांचंच असं होत नाही, पण पुष्कळांचं होतं.

(दृश्य: पुन्हा भिंत. फूटपट्टी लावताना हात.)

ही तपासणी 1991 साली फ्रान्समध्ये मिशेल रेवेल आणि सहकाऱ्यांनी मांडली. चूक साडेचार अंशांच्या वर, म्हणजे या अंतरावरून साधारण 7 सेंटिमीटरच्या पुढे गेली, की लक्ष द्यायचं. मामांची चूक जवळपास 7 अंश.

मामांकडे एक्स-रेची जाडजूड पिशवी आहे. त्यात मणक्यांची झीज दिसते, सरकलेला मध्य दिसत नाही. तो दाखवायला टॉर्च, पट्टा, कागद आणि दहा मिनिटं पुरतात. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी या राज्यात 1969 पासून कायदा आहे, त्याच्या नावातच 'माथाडी' आहे. त्या माथ्याखालची मान कुणी अशी भिंतीसमोर बसवून पाहिली, असं या बाजारात आम्हाला एकानेही सांगितलं नाही.

(दृश्य: मनगटावरचा व्रण.)

गेल्या पावसाळ्यात पुलाच्या पायरीवर अंदाज चुकला. मनगट मोडलं, दोन महिने काम बंद.

(दृश्य: मामांच्या खोलीतली भिंत, खडूने काढलेलं वेडंवाकडं आठ.)

आता रोज संध्याकाळी टॉर्च लावून या आठावरून ठिपका फिरवायचा, मान हळू वळवत. मग डोळे मिटून मध्य शोधायचा, उघडून पाहायचा, पुन्हा मिटायचे. डोळे आणि मान यांची अशी सांगड बसवली तर चूक कमी होते, हे रेवेल यांच्याच गटाने 1994 मध्ये दाखवलं. नात शेजारी बसून ओरडते, "आबा, रेषेबाहेर!"

(दृश्य: परळ. सहावा आठवडा.)

"आलो."

5 सेंटिमीटर. मॅडम पट्टी लावून पुन्हा मोजतात. मामा डोळे उघडून आधी ठिपक्याकडे बघतात, मग त्यांच्याकडे.

"उद्यापासून मोठी पाटी उचलू का?"

(दृश्य: मॅडमचा चेहरा. निवेदन नाही.)