सॅलरी स्लिप नसलेला घरमालक

मंडळी, विषय ठरलाय तो 'नियमित पगार नसताना भाड्याने देण्यासाठी पहिलं घर कसं घ्यावं' असा. त्यावर येतोच. पण आधी सॅलरी स्लिपबद्दल बोलू द्या. दुखणं जुनं आहे आणि एवढे श्रोते पुन्हा कधी मिळायचे!

कर्जाच्या टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, "नोकरी कुठे?" म्हटलं, स्वतःचं काम करतो. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ठेवलंच! शेजारी एक नोकरदार तरुण बसला होता, त्याची फाईल मात्र सरसर पुढे गेली. आता सांगा, त्याचं उत्पन्न एका पत्राने बंद होऊ शकतं. माझी गिऱ्हाइकं डझनभर; ती सगळी एकाच सकाळी रुसतील असा योग दुर्मीळ. (मागून कोणीतरी 'येतो, येतो' म्हणतंय. बरोबर, साथीच्या वर्षात आला होता. तेवढं मान्य.) तरी धोक्याचा कोण? मी!

साहेबांचीही बाजू आहे म्हणा. अमेरिकेत 2008 च्या आधी उत्पन्न नुसतं तोंडी सांगून घरकर्जं मिळायची. पुढचं रामायण तुम्हाला माहीत आहे. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने कर्जदाराची ऐपत तपासणं सक्तीचं केलं. पण निव्वळ भाड्याने देण्यासाठी घेतलेलं घर हा तिथे व्यवसाय. त्याला तो नियम लागत नाही. म्हणून पगाराऐवजी भाडं बघून कर्ज देणारे तिथे निघाले. माझं म्हणणं हेच, पण ते पुढे.

आपणही कमी नाही. विवरणपत्र भरताना गाडी, फोन, घराचा कोपरा, सगळा खर्च शोधून दाखवतो. कराच्या वेळी कफल्लक, कर्जाच्या वेळी कुबेर! कर्ज देणारा वाचतो तो कफल्लकाचाच कागद.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

कर्ज घराच्या भाड्यावर तोला. भाडं 100 धरा. देखभाल, कर, विमा, रिकामे महिने यांचे 30 वजा. उरले 70. हप्ता 56 असेल तर भागाकार 1.25. या भागाकाराला, म्हणजे उरलेलं भाडं हप्त्याच्या किती पट आहे त्याला, डीएससीआर म्हणतात; पुष्कळ कर्ज देणारे एवढा मागतात. एकाच्या खाली गेलात तर घराला तुम्ही पोसताय. मग डाउन पेमेंट वाढवा. मुदत लांबवूनही हप्ता उतरतो, पण एकूण व्याज फुगतं.

अर्जाआधीची दोन वर्षं उत्पन्न पूर्ण दाखवा, कर सोसा. घसारा, म्हणजे वस्तू जुनी होण्याची घट, हा कागदावरचा खर्च, पैसा खिशातून जात नाही. तो उत्पन्नात परत धरा म्हणून कर्ज देणाऱ्याला सांगा, बरेच जण धरतात. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असू द्या. सहकर्जदार घ्याल तर पूर्ण कर्ज त्याच्याही डोक्यावर आहे, हे त्याला आधी सांगा. राहत्या घरावर कर्ज काढून डाउन पेमेंट भरणं मला पसंत नाही. भाडेकरू गेला की दोन्ही घरं डळमळतात.

विक्रेत्यानेच हप्त्यांवर घर देण्याचा प्रकार राहिला. हो हो, उठतोच आहे! त्यात विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज त्या घरावर बाकी नाही ना, एवढं आधी तपासा. उरलेलं जिना उतरताना सांगतो, हवं त्यांनी बरोबर या.