शेजारी दुसरा काटा नको

(पहाट. फड. कोयत्यांचा आवाज.)

गोदाकाठ, जालना जिल्हा. उजाडायच्या आधीच कोयते चालू झालेत. इथे एक कोयता म्हणजे एक जोडपं. तो बुडख्यापासून ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते. वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, जनावरांना, मोळ्या टायरगाडीत.

इथून पुढे सगळी घाई. तोडलेला ऊस ताटकळला की वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. म्हणून लांबचा कारखाना परवडत नाही, आणि जवळ एकच असतो.

तोडणीची टोळी त्याच कारखान्याची. तोड कधी द्यायची, ते त्याचा शेतकी विभाग ठरवणार, लागणीच्या नोंदीवरून. वजन त्याच्याच काट्यावर, तोडणी-वाहतूक बिलातून वजा. (काट्याचं चित्रण नाही; कॅमेरा गेटवरच अडवला.)

मक्तेदारी म्हटलं की आपल्याला विकणारी कंपनी आठवते. ही घेणाऱ्याची मक्तेदारी.

(ड्रोन. गाड्यांची रांग.)

ही रांग काही आपोआप लागलेली नाही. पूर्वी झोनबंदी होती: गाव ज्या कारखान्याच्या क्षेत्रात, ऊस तिथेच घालायचा. शेतकरी संघटना तिच्याविरुद्ध लढली. 1997 मध्ये ती उठली. 1998 मध्ये साखर कारखान्यांची परवानापद्धतही गेली. आता मोकळीक म्हणावी, तर 2006 मध्ये ऊस नियंत्रण आदेशात नवी अट आली. दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतर. महाराष्ट्राने पुढे ते 25 केलं.

कारखानदार सांगतात, कारखाने दाटले तर ऊस पुरणार नाही, सगळेच आजारी पडतील. पडतीलही. किराणा दुकानदाराला मात्र असं कुंपण कुणी घालून देत नाही.

एफआरपीमुळे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दरामुळे, किमान दर मिळतो, 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधनही आहे. त्याच्या वर चार पैसे हवे असतील तर दुसरं गिऱ्हाईक लागतं. कोल्हापूर-सांगलीकडे कारखाने जवळ जवळ आहेत, तिथे उसाची पळवापळवी होते. ऊस पळवला जातोय, ही तक्रार कारखान्यांची असते. शेतकऱ्याची कधी ऐकलीय?

(कारखान्याची गव्हाण. मोळ्या पडताना.)

आपल्याकडे 2002 चा स्पर्धा कायदा आहे. कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवले किंवा वरचढपणाचा गैरफायदा घेतला, तर भारतीय स्पर्धा आयोग दंड ठोकू शकतो. इथे संगनमत करायची गरजच काय? अंतर सरकारनेच आखून दिलंय.

ते काढून टाका, असं 2012 मध्ये केंद्राने साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीने सांगितलं. त्यानंतरही 25 किलोमीटर राहिलेच.

(उभा ऊस. तुरे.)

2021-22 च्या हंगामात मराठवाड्यात जूनपर्यंत ऊस फडातच होता. तुरा आलेला ऊस आतून पोकळ पडतो, आणि पैसे टनावर मिळतात.