हीच म्हणजे कोण?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'इराणी कला परदेशात गेली की तिचं काय होतं'. त्याकडे येतोच. आधी मावशीची गोष्ट.

2023 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे व्हँकुव्हरला होतो, सोबत मावशी. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेत, जीभ शाबूत. तिथल्या आर्ट गॅलरीत शिल्पकार परवीझ तनावोलींचं प्रदर्शन लागलं होतं, 'कवी, कुलुपं, पिंजरे'. तनावोली मूळ तेहरानचे, जन्म 1937 चा, 1989 मध्ये व्हँकुव्हरला आले. एका शिल्पापाशी मावशी थबकली. वरती दोन पोकळ डोळे, खाली वळणं घेत गेलेलं अंग.

"ही कोण रे?"

मी पाटी वाचली. "हीच."

"अरे हीच, पण नाव काय हिचं?"

"हीच!"

"तेच विचारतेय ना, गाढवा!" (हशा)

शेवटी सांगितलं, फारसीत 'हीच' म्हणजे काही नाही. तर म्हणते, "काही नाही, मग एवढं घडवलंय कशाला?"

हसताय, पण समीक्षक हेच विचारतात, फक्त जड शब्दांत. फारसी लिपीतली तीन अक्षरं: हे, ये, चे. पहिल्या 'हे'ला नस्तालीक म्हणजे फारसी सुलेखनाच्या वळणात दोन डोळे येतात, बाकीची दोन मिळून धड. 1960 च्या दशकापासून तनावोली हा एकच शब्द घडवतायत. कुठे हीच खुर्चीवर बसतं, कुठे पिंजऱ्यात अडकतं. शून्य म्हटलं की युरोपला लगेच निराशा आठवते. तनावोलींचं म्हणणं, माझं हीच निराशेचं नाहीच.

आणि कुलुपं! 'कुलूप' हा आपला शब्द अरबी-फारसीतूनच आलेला, हे जाता जाता. इराणात सक्काखाना असतो, म्हणजे आपली पाणपोईच, पण करबलाच्या लढाईत तहानलेल्यांच्या आठवणीतली. आपल्याकडे मोहरमला सबील लागते, तसंच. तिथल्या जाळीला लोक नवसाचं कुलूप लावतात. तनावोलींच्या पिढीतल्या चित्रकारांच्या एका गटाला समीक्षक करीम इमामींनी नावच दिलं, सक्काखाना. यावर मी तासभर बोलू शकतो, पण ही चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मूळ मुद्दा, भरभर. परदेशात इराणी कलेला दोनच फडताळं मिळतात: एक बुरख्याचं, दुसरं सूफी गूढाचं. थट्टा कुठे ठेवायची? 2017 ला टोरांटोच्या आगाखान म्युझियममध्ये इराणी कलावंत फरहाद मोशिरींचा 'उडता गालिचा' होता. यंत्रावर विणलेल्या गालिच्यांची थप्पी, आणि तिच्यातून आरपार कापून काढलेलं लढाऊ विमान. कापलेले तुकडे शेजारी रचलेले. अलाउद्दीनही त्यात, बाँबहल्लेही त्यात. पण आधी हसू येतं, आणि ते पाटीवर कोणी लिहीत नाही.

राजकारण नाही असं म्हणत नाही मी. 2016 मध्ये तनावोली लंडनला व्याख्यानाला निघाले होते, तेहरानच्या विमानतळावर त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. त्याच वर्षाअखेरीस तेहरानच्या समकालीन कला संग्रहालयाचं बर्लिनमधलं प्रदर्शन रद्द झालं, कारण चित्रं देशाबाहेर न्यायची परवानगीच आली नाही. त्यातला अमेरिकन चित्रकार पोलॉक अडकला, त्याच्याबरोबर जायचे होते ते इराणी चित्रकारही अडकले. म्हणजे राजकारण परवान्यात असतं, विमानतळावर असतं. ते प्रत्येक शिल्पाच्या पोटात शोधत बसू नका, एवढंच सांगायचं होतं आणि त्यालाच वेळ उरला नाही.

चित्रं दाखवायची राहिली. लॅपटॉप चालू ठेवतो, चहा घेता घेता बघा. खुर्चीवरचं हीच चौथं आहे.